आल्फी मास्तरांचा वर्ज्य सूर

हिवाळ्यातल्या सकाळी मखमलाबादच्या मळ्यावरचं धुकं विरत असताना दिनूभाऊ शेवंती खुडून घरात येतात, ओली बोटं सदऱ्याला पुसतात आणि कपाटातून एक कॅसेट काढतात. खोलीत आधी शेवंतीचा कडवट वास पसरतो, मग पियानो. दिनूभाऊ आठवले की मला हाच क्रम आठवतो. पियानो ऐकताना ते डोळे मिटत नाहीत, मान डोलावत नाहीत. रसिकतेची जी जाहीर लक्षणं आपल्याकडे मानली जातात, त्यांतलं एकही त्यांच्यात नाही. ते फक्त थांबतात, पाटाचं पाणी वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत बागाईतदार थांबतो तसे.

ऐन पंचविशीत दिनूभाऊ देवळाली कॅम्पातल्या एका क्लबात दर शनिवारी सकाळी फुलं पोचवत. संध्याकाळच्या नाचासाठी रिकाम्या दिवाणखान्यात एक गोवेकर वादक जॅझचा सराव करत असे. सगळे त्यांना आल्फी मास्तर म्हणत. फुलदाण्या लावायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ दिनूभाऊ लावत. एवढाच काय तो परिचय. पुढे मास्तर वारले. त्यांची तबकडी कधी निघालीच नव्हती. उरल्या त्या पाहुण्यांनी नाचाच्या वेळी हौसेनं भरून घेतलेल्या कॅसेटी, आणि त्या भंगारवाल्यांकडून, कॅम्पातल्या विकायला निघालेल्या बंगल्यांतून दिनूभाऊंनी तीस वर्षं गोळा केल्या.

अडचण एकच होती. कॅसेटींवर वादकाचं नाव नसे, आणि क्लबात वाजवणारे मास्तर एकटे नव्हते. मग कोणती कॅसेट कोणाची? दिनूभाऊंनी खूण शोधली. जलद गतीत एक ठरावीक सूर लागोपाठ दोनदा आला, की दुसऱ्यांदा तो ऐकूच येत नसे. जिना उतरताना पायाखाली पायरीच नसावी तसं मन क्षणभर अधांतरी होई. "मास्तरांचा वर्ज्य सूर हाय तो," दिनूभाऊ सांगत. रागसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानांना गाळलेला सूर ही उणीव वाटतच नाही, तो नियम वाटतो, आणि नियमामागे आपण लगेच एक ऋषी उभा करतो. शहरातल्या एका साहित्य मंडळात यावर भाषणही झालं. वक्त्याने 'मौनाचे सौंदर्यशास्त्र' असे शब्द उच्चारून टाळ्या घेतल्या. तो वक्ता मी होतो.

खूण सापडलेल्या चौदा कॅसेटी दिनूभाऊंनी मास्तरांचं नाव घालून कपाटात ठेवल्या. ज्यांत सगळे सूर धडधाकट होते त्या दुसऱ्या कोणाच्या असणार, म्हणून घरात वहिनींना देऊन टाकल्या. वहिनींनी त्यांच्यावर आपल्या भजनी मंडळाची भजनं भरली.

यंदा नातीच्या लग्नाची फुलं सांगायला नाशिकरोडचे अँथनी आले. क्लबाचा पियानो वर्षानुवर्षं त्यांनीच दुरुस्त केलेला. दिनूभाऊंनी अभिमानानं कॅसेट लावली. अँथनी बशीतला चहा पिता पिता थांबले आणि हसले.

"अरे दिनू, ये तो वोही पट्टी है! पावसाळ्यात लाकूड फुगायचं. एकदा दाबली की पटकन वर यायचीच नाही. किती वेळा घासली मी. उन्हाळ्यात एकदम फर्स्ट क्लास."

"म्हणजे दुसरं कोणी बसलं तरी असंच?"

"माझी बायको बसली तरी असंच."

"आन् मास्तर तिथं दुसऱ्यांदा बोट ठेवायचे का नाय?"

"ठेवणारच ना बाबा. बोट त्याचं, पट्टी क्लबची."

आतून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मास्तर माझ्या भजनांखाली गाडले गेले म्हणा की!" कोणी हसलं नाही.

दिनूभाऊंचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. एका माणसाच्या शोधात आयुष्याची तीस वर्षं गेली, आणि कपाटात साठला तो नुसता पावसाळ्याचा दमटपणा, कोणाच्याही बोटांखालचा. मास्तर खरोखर ज्यांत असतील त्या कोरड्या, लख्ख उन्हाळ्यांवर टाळ-मृदंग चढले होते. आणि माझ्या सौंदर्यशास्त्राला पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरला असता.

थोड्या वेळानं वहिनींनीच आपल्या कॅसेटींचा डबा आणून समोर ठेवला. "आमचं भजन काही शेवटपर्यंत पुरत नाही. मागं काही राहिलं असेल तर बघा." एकेक बाजू ऐकता ऐकता दुपार कलली. खिडकीतलं ऊन कपाटावरून जमिनीवर उतरलं. पाचव्या कॅसेटीवर आरती संपली, बायकांची कुजबुज झाली, खट्‌कन आवाज आला, आणि मग पियानो. दोनेक मिनिटं. स्वच्छ, एकही सूर न गाळलेला, लागोपाठचे दोन्ही आघात कंदिलाच्या काचेवर नख वाजवावं तसे स्पष्ट.

"मास्तर?" मी विचारलं.

दिनूभाऊंनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. त्या शनिवारच्या सकाळी, ओल्या गुलाबांच्या जुड्या, मेणाच्या पॉलिशचा वास, पाठमोरे मास्तर, सगळं त्यांना दिसत होतं. ते मला त्यांच्या नजरेत दिसत होतं. फक्त आवाज त्या चित्राला लागत नव्हता.

"मला जे याद हाय," ते हळूच म्हणाले, "ते मास्तरांचं का या चौदा कॅसेटींचं, तेच आता कळत नाय. लय ऐकल्या ना."

वहिनींनी त्या कॅसेटीवर काय लिहायचं म्हणून पेन पुढे केलं. दिनूभाऊंनी ते घेतलं, टोपण काढलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. माणूस गेला तरी त्याचा आवाज राहिला, म्हणजे तो राहिला, असं आपण समजतो. पण काळ आवाजाला हातही न लावता त्यावरचं नाव तेवढं उचलून नेतो, आणि मग आपण ऐकत बसतो, आठवण कोणाची येते आहे हे न कळता.