गोधडीखालचा कॅमेरा

"दुनियेत अशी एकबी चीज नाई, जे धीरानं उघडत नाई," खुशालभाऊंनी जाहीर केलं, आणि चष्म्याचं घर उघडून द्यायला बायकोला हाक मारली.

रुखमाबाईंनी ते नखानं उघडून दिलं. "कॅमेऱ्याले बी नखच लावू का?"

समोर बसलेली ललिता हसली नाही. वैनगंगेपलीकडच्या गावाहून ती जुना कॅमेरा घेऊन बसनं आली होती. तिचा बाप बिरजू, लाकूड डेपोचा चौकीदार, उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला. भिंतीवर लावायला फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता. पण तो मोठा केला, तर पोलीस शोधत असलेला माणूस वाटत होता.

"या रोलात बाबा हायेत भाऊ. मी लहान होती तवा मीच काढला फोटो. मंग हा खटका अडकला तो अडकलाच. बाबानं पेटीत ठेवून देल्ला."

खुशालभाऊंचा ब्रह्मपुरीतला फोटो स्टुडिओ आता झेरॉक्सवर चालतो. असा कॅमेरा शेवटचा कधी उघडला, ते त्यांना आठवेना. आत उजेड शिरला की बिरजू संपला, एवढं मात्र पक्कं आठवत होतं. म्हणून मे महिन्यात, भर दुपारी, ते कॅमेऱ्यासकट दोन गोधड्यांखाली शिरले.

आतून आवाज येऊ लागला. "हे इकडून... नाई, तिकडून. आता हे काय आलं हातात?"

"जित्ते हा ना?" रुखमाबाई पुठ्ठ्यानं गोधडीला वारा घालत म्हणाल्या.

"आंधळ्यावानी करून राह्यलो. बोलू नोको!"

मग खट् असा आवाज झाला. खुशालभाऊ घामानं निथळत बाहेर आले. एका हातात डबीत गुंडाळलेला रोल, दुसऱ्यात एक स्प्रिंग आणि एक चारोळीचा दाणा.

दाणा खटक्याखाली बसला होता. बिरजू कॅमेरा आणि चारोळी एकाच पिशवीत ठेवायचा, असं ललितानं सांगितलं. स्प्रिंग कुठली, हे कोणालाच सांगता येईना. कॅमेरा तर तिच्याशिवायच खटाखट चालू लागला होता, त्यामुळे खुशालभाऊ जास्तच गोंधळले.

नागपुरात एक जण अजून रोल धुतो. त्याच्याकडून पाकीट आलं. सगळं काळं, एकच फोटो उमटलेला. मोहाच्या झाडाखाली एक माणूस ताठ उभा. सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या, हातात काठी, पायात टायरच्या चपला. आणि गळ्याशी फोटो संपलेला.

खुशालभाऊंनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला. डोकं पाकिटात राहिलं का, तेही पाहिलं.

ललिता आली तेव्हा ते चाचरले. "बाई, तू लहान होती... कॅमेरा जड... डोकसं थोडं वर राह्यलं."

तिनं फोटो मांडीवर घेतला. डाव्या चपलेचा पट्टा तारेनं बांधलेला होता. त्या तारेवरून तिनं बोट फिरवलं.

"मीच म्हटलं होतं, हालू नोका," ती म्हणाली. "हालले नाई, पाहा."

रुखमाबाईंच्या हातातला पुठ्ठा थांबला.

"मोठा करून द्या भाऊ. आन फ्रेम करतानी वरून आणखी कापू नोका."