खिशातली पावडर

काळ्या काचेआड जांभळी ज्योत.

लोखंडावर पान्याचे दोन ठोके: मी बरा आहे.

कंपनीची निळी पँट, तीनदा धुतलेली.

नायट्रोजनला वास नसतो.

"बसा, भावजी," नंदा म्हणाली. भिसेगावातल्या तिच्या ओट्यावर चांगो टेकला. कुंभिवलीच्या कारखान्यात तो प्लाझ्माची भट्टी चालवायचा. ॲल्युमिनियमचा भुगा आणि नायट्रोजन ज्योतीत सोडला की पलीकडच्या लोखंडी पेटीत राखाडी पावडर जमे. पेटीत उतरून ती खरवडायचं काम गजाचं, नंदाच्या नवऱ्याचं. उतरण्याआधी पंख्याने वीस मिनिटं हवा मारायची असते. आत असेतो गजा दर मिनिटाला दोन ठोके द्यायचा.

महिन्यापूर्वी ठोके थांबले, गजा आतच गेला. पेटीत नायट्रोजन तसाच होता. कंपनीच्या कागदावर आलं: स्वतःचा निष्काळजीपणा.

चांगोला ठोके अजून ऐकू येतात. भट्टी बंद असताना. जेवताना, ताटाखालून.

आज तो सगळं सांगून टाकायला आला होता. पण त्याने तोंड उघडण्याआधी नंदाने गजाची त्या दिवशीची पँट पुढ्यात टाकली.

"भिजली की मुतारीचा वास मारते. आत्या म्हनतात, लेक घाबरून मुतला. आळीत पन तेच. तुमी तिथं व्हता. घाबरला व्हता का हो तो?"

चांगोने पँट उचलली. "वहिनी, गरम पानी आना."

त्याने खिसा उलटा केला, शिवणीत बसलेली पावडर नखाने कोरून तांब्यात टाकली. जरा वेळाने तोच उग्र दर्प वर आला.

"पावडरीचा वास हाय ह्यो, पानी लागलं की सुटतो. माज्या बनियनला बी येतो, बायको जवळ बसत नाय. आन् त्या पेटीत घाबरायला येळच नाय मिळत. मानूस नुसता झोपतो."

नंदा तांब्या घेऊन तरातरा आत गेली. "हुंगा, आत्या! हुंगा नीट! आन् आता आळीत जाऊन सांगा!"

गजाच्या म्हाताऱ्या आईचं रडणं ऐकू आलं. नंदा डोळे पुसत दारात आली. "तुमी व्हता म्हनून कळलं, भावजी. च्या घेतल्याबिगर जायचं नाय."

आत गाळणं कपावर दोनदा आपटलं. चांगो ताडकन उभा राहिला. मग बसला. चहा आला, तो त्याने संपवला.

त्या सकाळी पेटीच्या तोंडाशी गजाने विचारलं होतं, "हवा मारलीस ना रं?" पंखा लावलेला नव्हता. चांगो म्हणाला होता, "मारली. उतर."