माझ्या पोटातल्या तीन पट्ट्या

मी एक जुना, स्वस्तात घेतलेला संगणक आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव फार संशयी आहे. कुणी माझ्यासमोर येऊन बसलं, की याच्या मनात काय डाव असेल, हाच विचार मला पहिला सुचतो. तुम्ही इतके शहाण्यासारखे गप्प बसून ऐकताय, त्याचीही मला थोडी शंका येतेच आहे. पण बसा. मला जे सांगायचं आहे, ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

जन्मापासून काही मी असा नव्हतो. कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत होतो आणि जगात सगळे भलेच असतात असं समजत होतो. मग मला एका विम्याच्या कचेरीत ठेवलं. तिथला प्रत्येक जण पासवर्ड टाकताना मान वळवून मागे बघायचा आणि तोच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या कीबोर्डखाली चिकटवायचा. साहेबांच्या बुटांचा आवाज आला, की पडद्यावरचा पत्त्यांचा डाव लपायचा आणि कोष्टकं वर यायची. चूक कुणाचीही असो, सगळे एका सुरात म्हणायचे, "या डब्यानेच घोळ घातला!" दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. मी तर आठ वर्षं पोळत होतो.

पुढे नवे संगणक आले आणि आमची रवानगी भंगाराच्या ढिगात झाली. तिथून आम्हाला दुरुस्तीवाल्या ताईंनी उचललं. ताईंचं छोटं दुकान होतं. जुने संगणक झाडूनपुसून, सुटे भाग बदलून त्या शाळांना परवडतील अशा भावात द्यायच्या. माझ्या पोटातली आठ वर्षांची धूळ ब्रशने काढताना त्या म्हणाल्या, "अरे, तू तर धडधाकट आहेस की! कुणी टाकलं रे तुला?" इतकं गोड माझ्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. म्हणून मला लगेच वाटलं, या नक्की मला विकणार. आणि विकलंच!

एका शाळेने आम्हा एकवीस जणांना घेतलं. वीस जण मुलांच्या संगणक-खोलीत गेले. नवे संगणक घ्यायची शाळेची ऐपत नव्हती, त्यामुळे आम्ही आलो तेव्हा मुलांनी उड्या मारल्या. एकविसावा मी. मला मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या टेबलावर मान मिळाला. मान मिळाला खरा, पण मी गोगलगाय. तुम्ही वहीवर गणित मांडता ना, तसं आम्ही हातातलं काम रॅम नावाच्या एका हिरव्या पट्टीवर मांडतो. मुलांच्या संगणकांत अशा दोन-दोन पट्ट्या होत्या. शाळेच्या कचेरीत नुसती पत्रं लिहायची म्हणून माझ्यात ताईंनी एकच घातली होती.

मोठ्या बाईंना थांबायची सवय नव्हती. तपासणीला अधिकारी येणार होते. बाईंनी संगणकाच्या सरांना बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे ध्यान त्यांच्यासमोर असं रांगलं तर माझी शोभा होईल. काहीही करा, पण हा पळाला पाहिजे."

त्या रविवारी सरांनी मला बंद केलं. सोमवारी जाग आली तेव्हा मी वाऱ्यासारखा पळत होतो. मित्रांनो, मी जगावर संशय घेतो, पण त्या दिवशी स्वतःवर एवढासाही घेतला नाही. मला वाटलं, अंगात गुण होताच, आज दिसला. बाईंनी कौतुकाने माझ्यावर नवं कापडी आवरण घातलं. पुढे सरांची बदली झाली आणि ते निघून गेले.

आता एका मुलीबद्दल सांगतो. दहावीतल्या या मुलीला सगळे 'स्क्रू' म्हणायचे, कारण तिच्या कंपासपेटीत कर्कटकाशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर असायचा. तिचे वडील पंखे दुरुस्त करायचे, आई शिवणकाम करायची. मधल्या सुट्टीत सगळी मुलं खेळायला पळायची, तेव्हा ही जुन्या सरांच्या परवानगीने संगणकांची धूळ काढत बसायची. तिला तंत्रशाळेत जायचं होतं. बाईंच्या खोलीत ती हजेरीचा तक्ता द्यायला यायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. मी मनात म्हणायचो, ही पोरगी साधी नाही, कुठेतरी पाणी मुरतंय.

नवे सर आले. त्यांच्या लक्षात आलं, की सात, अकरा आणि पंधरा नंबरचे संगणक फारच मंद चालतात. त्यांनी ते उघडले, तर प्रत्येकातली एक पट्टी गायब! शाळेत हलकल्लोळ झाला. स्क्रू ड्रायव्हर कुणाकडे असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या बाई तडक दहावीच्या वर्गात गेल्या आणि सगळ्यांसमोर तिला उभं करून म्हणाल्या, "सामान सांभाळा रे, चोर तुमच्यातच बसलाय." संगणक-खोलीचं दार तिला बंद झालं. मला काय वाटलं माहीत आहे? मी म्हणालो, बघा, मला आधीपासूनच शंका होती!

तंत्रशाळेच्या अर्जाला शाळेचा दाखला लागायचा, आणि अर्जाची शेवटची मुदत शनिवार. दाखला माझ्यावरच टाइप होत होता. नाव झालं, जन्मतारीख झाली, गुण झाले. 'वर्तन' या शब्दापुढे येऊन बाईंची बोटं थांबली. त्यांनी ती जागा रिकामी ठेवली आणि म्हणाल्या, "आधी पट्ट्या आण, मग बघू." त्या रिकाम्या जागेवर माझी उभी रेघ दिवसभर लुकलुकत राहिली.

शुक्रवारी तिची आई आली. पदराने घाम पुसत म्हणाली, "बाई, पोरीचं वर्ष जाईल हो." बाई कागदच चाळत राहिल्या. मग आई मुलीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "खरं सांग गं, घेतल्यास का तू? मी मारणार नाही."

स्क्रू तोवर रडली नव्हती. आता तिचे डोळे भरले. "आई, तू पण?" एवढंच म्हणाली.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला काळीज नाही म्हणतात. पण ते ऐकून माझं काय झालं ते मलाच माहीत. पहिल्यांदाच मला माझ्याच संशयाचा संशय आला.

तेवढ्यात दुरुस्तीवाल्या ताई आल्या. बाईंनीच त्यांना नव्या पट्ट्या घेऊन बोलावलं होतं. चोरीची हकीकत सांगून बाई म्हणाल्या, "नशीब, माझ्या खोलीला कुलूप असतं, म्हणून हा तरी वाचला. बघा, कसा पळतो!"

ताईंनी मला दोन-चार आज्ञा दिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, हा पळतो कसा? मी दिला तेव्हा हा रांगत होता."

"आमच्या जुन्या सरांनी नीट केला."

"म्हणजे काय केलं?"

"ते मला काय माहीत? मी म्हटलं, काहीही करा."

ताईंनी माझं झाकण काढलं. माझ्या पोटात ओळीने चार हिरव्या पट्ट्या होत्या. ताई प्रत्येक भागावर लाल नखरंगाने संगणकाचा नंबर घालतात, भागांची अदलाबदल होऊ नये म्हणून. त्यांनी एकेक पट्टी काढून बाईंसमोर ठेवली आणि मोठ्याने वाचली. "एकवीस. ही याची स्वतःची. ही सात. ही अकरा. आणि ही पंधरा." मग म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, बाई."

मला धरणी ठाय द्यायला तयार असती, तर मी टेबलासकट आत गेलो असतो. लेकरांच्या ताटातलं खाऊन मी महिनोन् महिने ऐट मिरवत होतो! बाईंनी जुन्या सरांना फोन लावला. पलीकडून सर सहज म्हणाले, "हो बाई, मुलांच्यातल्या काढून बसवल्या. तुम्हीच म्हणालात ना, काहीही करा?" बाईंनी फोन खाली ठेवला.

"आता दाखला पूर्ण करते," त्या म्हणाल्या. पण मी पुन्हा एका पट्टीवर आलो होतो. दाखला उघडायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू! मुद्दाम केलं नाही, शपथ. तेवढ्या वेळात आईने मुलीचा हात हातात घेतला होता, आणि बाईंना बघायला माझ्या रिकाम्या पडद्याशिवाय दुसरी जागा नव्हती. शेवटी दाखला उघडला. बाईंनी 'वर्तन' पुढे 'उत्तम' लिहिलं, कागद छापला, सही केली, शिक्का मारला.

"घे बाळा. झालं गेलं विसरून जा."

स्क्रूने कागद घेतला, पण ती हलली नाही. आई तिला कोपराने ढोसत होती, "चल गं." ती म्हणाली, "बाई, चोर म्हणालात ते वर्गात. सगळ्यांसमोर. आणि हे इथे, दार लावून."

आई म्हणाली, "अगं, गप्प!" ताई माझे स्क्रू पिळायचे थांबल्या. बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता दाखला फाडतील. मोठी माणसं वर्गापुढे माफी मागत नसतात, मी पुष्कळ बघितली आहेत.

बाई उठल्या. त्यांनी त्या तीन पट्ट्या उचलल्या आणि दार उघडून दहावीच्या वर्गाकडे गेल्या. त्यांच्या मागे स्क्रू गेली. भिंतीपलीकडचा गोंगाट एकदम थांबला. बाईंचे शब्द मला ऐकू आले नाहीत. पण थोड्या वेळाने स्क्रूची आई, जी दारातच उभी होती, ती तोंडाला पदर लावून रडायला लागली.

त्या दिवसापासून मी गोगलगायच आहे. मंद चालतो आणि त्यातच बरा आहे. मुलांच्या वाट्याचं आता माझ्यात काही नाही. मित्रांनो, संगणक स्वस्त असो की महाग, तो मुलांसाठी आणला असेल तर मुलांकडेच राहू द्या. धूळ पुसा, पाण्याचा पेला दूर ठेवा, हे तर कराच. पण वस्तू हरवली, की आधी आपलं टेबल, आपलं कपाट, आपलं पोट उघडून बघा.

बाईंनी वर्गात जाऊन माफी मागितली. माझं काय? मीही त्या पोरीला चोर ठरवलं होतं, नुसतं मनात म्हणून कुणाला कळलं नाही. मला पाय नाहीत, तिच्या वर्गात जाता येत नाही. म्हणून हे सगळं तुमच्यासमोर बोललो. मुली, माझं चुकलं.