साबणाच्या दोन वड्या

पेपरावरची लाल फुली पाहून तिनं काल लेकीलाच फैलावर घेतलं होतं. "डोकं काय घरी ठेवून जातेस पेपरला?" एका मार्कानं पोरगी कच्च्या तुकडीत जाणार होती आणि यादी आज मधल्या सुट्टीत लागणार होती. चिऊ अवाक्षर बोलली नाही. बोलला तो तिचा बाप. साबणाच्या गोदामात दिवसभर खोकी बांधून आलेला, हात पुसता पुसता म्हणाला, "अगं, बरोबर आहे की तिचं. आम्ही अशाच ठेवतो."

तेव्हा कुठे या पदवीधर आईनं प्रश्न धड वाचला. राग आधी स्वतःचाच आला. शाळेच्या पायऱ्या चढेपर्यंत तो पार मस्तकात गेला.

गणिताच्या बाई वह्या तपासत होत्या. "पालकांनी शनिवारी भेटायचं असतं."

"यादी शनिवारी लागत असती, तर शनिवारीच आले असते." पिशवीतून चिऊचा पेपर आणि साबणाच्या दोन वड्या काढून तिनं टेबलावर आपटल्या. "प्रश्न वाचा. मोठ्यानं."

"नऊ सेंटिमीटर लांब, सहा रुंद, तीन उंच अशा दोन सारख्या वड्या जोडून इष्टिकाचिती केली. तिची लांबी, रुंदी, उंची काढा." बाईंनी चष्मा सारखा केला. "उत्तर अठरा, सहा, तीन. एकापुढे एक ठेवायच्या."

"एकापुढे एक? कुठं लिहिलंय?"

बाईंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "उत्तरसूचीत तसंच आहे हो."

"चिऊ, तू कशा ठेवल्यास, दाखव बाईंना."

दाराशी उभ्या चिऊनं आधी आईकडे पाहिलं, पुन्हा ओरडा बसेल की काय म्हणून. ती नजर आईला चाबकासारखी लागली. मग चिऊनं एका वडीवर दुसरी ठेवली. "नऊ, सहा, सहा. बाबा असंच बांधतात. कागद कमी लागतो."

बाईंनी फुली खोडली, मार्क दिला, यादीतलं नावही वर सरकवलं. "झालं समाधान? आता बाहेर गवगवा करू नका. नाहीतर शेजारी शेजारी ठेवणारेही येतील रांगेनं."

"शेजारी शेजारी?" तिनं वड्या तशा लावल्या. नऊ, बारा, तीन. "हेही बरोबरच! किती जणांनी लिहिलंय असं?"

बाईंनी पुढची वही ओढली.

"मी विचारतेय, किती?"

"असतील पाच-सहा."

पाच-सहा घरं. पाच-सहा पोरं, काल अशीच मुकाट शिव्या खाल्लेली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

"काढा तो गठ्ठा, बाई. मधल्या सुट्टीला अजून तासभर आहे."