वाफेवरचं मीठ

संघदीपनं चुलीवरच्या गंजाचं झाकण उचललं तशी वाफ भसकन वर आली.

"या बाबा, आता तुमचं काम," तो म्हणाला.

देवराव चुलीपाशी उकिडवा बसला. सकाळपासून डुकराचं मटण मंद आचेवर शिजत होतं. दारव्ह्याच्या बाजारातून पोरानं स्वतः निवडून आणलं होतं. भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, जिरं वाटून त्यात मुरवलं होतं. पुण्याच्या हॉटेलात तो हे रोज करायचा. मटणाचे धागे सुटले की मक्याच्या तळहाताएवढ्या पोळीत भरायचं, वर कांदा नि लिंबू. टाको म्हणतात म्हणे! इंदूबाई त्याच पोळ्या तव्यावर भाजत होती.

"एवढुशा भाकरीनं कोनाचं पोट भरन रे?" ती पोराला म्हणाली.

संघदीप नोकरी सोडून आला होता तो बापाला न्यायला. नागपुरात खाण्याची गाडी लावायची, बापलेकांनी मिळून. शेतात राहिलं होतं काय? उभा कापूस बोंडअळीनं पोखरून टाकला होता. बापाचं नाक मात्र साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. लग्न असो की नामकरण, पाचशे माणसांचं जेवण देवराव रांधायचा आणि मीठ कधी चाखायचा नाही. मसाला कोणीही घालावा, मीठ शेवटी, त्याच्या शब्दावर. वाफेवर तोंड धरून डोळे मिटायचा. 'दोन मुठी' म्हणाला की दोनच मुठी.

तोच देवराव आता वाफेवर वाकला. नाकाला काहीच लागलं नाही. नुसतं गरम, ओलं.

दसऱ्याआधी फवारणी करताना औषध नाकातोंडात, डोळ्यांत गेलं. आठ दिवस दवाखान्यात काढले. डोळे सुधारले, पण वास गेला तो गेलाच, आणि मागोमाग जिभेची चवही गेली. त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. रांधणं तेवढं उरलं होतं, तेही गेलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? पोरगं हॉटेलातलं, मीठ आधीच घातलं असेल, असं त्यानं मनाशी धरलं.

"बरोबर हाये," तो डोळे मिटूनच म्हणाला. "आता चिमूटभर बी टाकू नको."

पोरानं गंज चुलीवरून उतरवला. निभावलं बुवा, देवरावला वाटलं.

तिघं जेवायला बसले. देवरावनं पहिला घास घेतला. मिरचीनं जीभ पोळली, एवढंच कळलं. संघदीप सावकाश चावत होता. इंदूबाई खाली मान घालून खात होती. एरवी डाळीतल्या मिठावरून घर डोक्यावर घेणारी बाई!

"काहून गप बसले रे? मीठ बरोबर हाये ना?"

"एकदम बरोबर, बाबा," संघदीप म्हणाला. "आई, मले अजून एक दे."

लिंबाची फोड घ्यायला देवराव वळला आणि पोराच्या गुडघ्यामागे त्याला मिठाची पुडी दिसली. कालच दुकानातून आणलेली. कोपरा कापलेलाच नव्हता. आणि घरात दुसरं मीठ नव्हतं.

इंदूबाईनं झटकन पुडीवर पदर ओढला. त्या घाईवरूनच त्याला उमगलं, हिला कधीचंच ठाऊक होतं. मागे एकदा तो वरण दोनदा मागून जेवला आणि उरलेलं तिनं आंबलं म्हणून फेकून दिलं, तेव्हापासून असेल.

"पुढच्या महिन्यात जागा पाहून ठेवतो," संघदीप खालीच बघत म्हणाला. "मग निघू आपण."

"आईले घेऊन जा," देवराव म्हणाला.

"अन् तुम्ही?"

देवरावनं हात लांबवून पदराखालची पुडी काढली, दातानं तिचा कोपरा फोडला आणि ती इंदूबाईच्या पुढ्यात ठेवली.

"तिले मीठ समजते," तो म्हणाला.