नेट सुरळीत आहे

सिंदेवाहीच्या रस्त्यावर जेसीबीनं इंटरनेटची केबल तोडली, त्याला चार दिवस झाले होते. इकडे नाल्याकाठी वाघीण पिल्लं घेऊन बसलेली, आणि पहाटे बाया मोहफुलं वेचायला तिकडेच जाणार. फोनवर सांगून भागत नव्हतं. जिल्ह्याचं सरकारी बचाव पथक लेखी पत्राशिवाय जागचं हलत नाही. वाघीण पत्राची वाट पाहते थोडीच!

वनकचेरीतला बाबू धनराज उठला. कपाटातलं जुनं मॉडेम काढून त्यानं फोनच्या तारेला जोडलं. याच तारेचे सांधे तो दर उन्हाळ्यात झाडाझाडाशी फिरून सायकलच्या ट्यूबनं बांधायचा, तेव्हा साहेब हसायचे. आज तेच साहेब त्याच्या खुर्चीमागं गुमान उभे होते.

मॉडेम किंचाळलं, खरखरलं आणि पत्र जिल्ह्याला पोचलं. पथक निघाल्याचं उत्तर आलं. मागोमाग एक आदेशही आला: 'आपल्या मासिक अहवालांनुसार नेट सुरळीत आहे. सबब फोनची जुनी तार एक तारखेला काढण्यात येईल.'

धनराजचं टाळकं सरकलं. "सायेब, दर महिन्याले म्हणत होतो, खरं लिहू द्या मले!"

"बंद लिहिलं की खुलासा मागतात," साहेब म्हणाले. "या महिन्याचा अहवालही आत्ताच पाठवून टाक."

"नेटच्या रकान्यात काय लिहू?"

"नेहमीचंच."

धनराजनं दातओठ खात 'सुरळीत' टाइप केलं. मॉडेम पुन्हा किंचाळलं, आणि तेही त्यानं इमानेइतबारे पोचवलं.