मेलेली बिअर

बिअर आधी मारावी लागते. वहिनी असंच म्हणायची. बाटली उघडून सरळ वापरली तर साबण होत नाही, घात होतो. तिच्यातला वायू जायला हवा, नशा जायला हवी. म्हणून वहिनी ती रुंद स्टीलच्या पातेल्यात ओतून दोन दिवस उघडी ठेवायची, येता-जाता ढवळायची, मग मंद आचेवर अर्धी होईपर्यंत आटवायची आणि झाकून फ्रीजमध्ये गार करायची. उरायचं ते तपकिरी, कडसर पाणी. बिअरचा वास तेवढा शिल्लक.

"आता ही मेली," वहिनी म्हणायची. "आता हिला काही करा, उलट बोलणार नाही."

मग त्यात कॉस्टिक सोडा, चमचा-चमचा, हळूहळू. हा खायचा सोडा नव्हे. मोरी तुंबली की ओततात तो. पाण्यात पडला की आपोआप तापतो आणि अंगावर पडला की कातडी खातो. पण तोच तेलात मिसळला आणि महिनाभर फळीवर वाळला, की त्याची मऊ फेसाची वडी होते. लोकांना तो बिअरचा साबण फार आवडायचा. भेटवस्तूंच्या दुकानातल्या मॅडम शंभर-शंभर वड्या उचलायच्या. मी वड्यांना कागद गुंडाळायची, सुतळी बांधायची, लेबल चिकटवायची. वहिनी चेष्टेत असली की मला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. म्हणायची, "बघा वन्सं, तुमचे दादा बिअर पोटात घालतात, मी लोकांच्या अंगाला लावते. या घरात थेंब वाया जात नाही."

दादा पितो. मारत नाही. आई हे अशा सुरात सांगते, जणू त्याबद्दल त्याचा सत्कार व्हायला हवा. मारत नाही, शिवी देत नाही, पिऊन झोपतो आणि उठून लाजतो. आणि तो लाजला की आम्ही सगळ्या कामाला लागतो. साबणाचा धंदा वहिनीचा होता. आमच्या घराचा खरा धंदा झाकपाक. दादाच्या ऑफिसातून फोन आला की आई सांगायची, ताप आहे. जिन्यात ओकला की मी बादली घेऊन धावायची, शेजारचं दार उघडायच्या आत पायरी स्वच्छ. माझ्या लग्नात तो जेवणाच्या टेबलाखाली आडवा झाला, तेव्हा पाहुण्यांना सांगितलं की बहिणीच्या लग्नाची दगदग झाली, चक्कर आली. ते लग्न चार वर्षं टिकलं. मी परत आले ती दादाच्याच घरात. दादाच्या घरात राहायचं तर दादावर पांघरूण घालायचं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. माझा हात त्यात लहानपणापासून बसलेला.

त्या दिवशी सकाळी वहिनी खोबरेल तेलाचा डबा आणायला गेली होती. मॅडमना वड्या हव्या होत्या, वाळायला महिना जातो, म्हणून त्याच दिवशी साबणाचा नवा घाणा लावायचा होता. मी स्वयंपाकघरात गेले तर दादा उघड्या फ्रीजपुढे उभा, दोन्ही हातांनी पातेलं तोंडाला लावलेलं. शेवटचा घोट घेऊन त्याने पातेलं खाली केलं, तळाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, यात काहीच नाही गं.

काहीच नव्हतं त्यात. वहिनीने दोन दिवस खपून त्यातून सगळं काढून टाकलं होतं. ज्यात नशा उरलीच नव्हती ते हा माणूस पातेलंभर पिऊन बसला होता. मला हसू यायला हवं होतं. पण मला फक्त वहिनीच्या पायऱ्या चढण्याचा आवाज कानात ऐकू यायला लागला. ती येणार, पातेलं बघणार, बोलणार. दादा लाजणार. आई रडणार. दुपारचं जेवण कुणाच्याच घशाखाली उतरणार नाही.

मी म्हणाले, "वहिनी यायच्या आत भरून ठेव."

दादा न्हाणीघरात गेला. गिझरच्या मागे त्याने लपवलेल्या दोन बाटल्या होत्या, त्या घेऊन आला. स्वतःच्या. एरवी त्यातला घोट त्याने देवालाही दिला नसता. पातेलं तिरकं धरून सावकाश ओतली, फार फेस होऊ नये म्हणून. तरी झालाच. तो मी डावाने काढून मोरीत टाकला. फेस बसला, मी झाकण ठेवलं, पातेलं फ्रीजमध्ये सरकवलं, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात खाली घातल्या. दादा शाळेत गृहपाठ तपासून घेणाऱ्या पोरासारखा माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हणाले, शहाणा आहेस.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बिअर मारावी लागते, हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. पण ऐकलेलं आठवायला डोकं जागेवर लागतं. माझं डोकं एकाच गोष्टीवर होतं, आज घरात भांडण नको.

वहिनी आली. तेल वितळायला ठेवलं, वजनकाटा पुसला, सोडा मोजायला घेतला. डोळ्यांवर प्लास्टिकचा मोठा चष्मा होता, सोड्यासाठीच आणलेला. वापरून वापरून त्यावर इतके ओरखडे पडले होते की काट्यावरचे आकडे दिसत नसत. म्हणून तिने तो कपाळावर चढवला. मग पातेल्याचं झाकण काढलं आणि थांबली.

"रंग उजळ वाटतो का गं जरा?"

मी टेबलाशी लेबलं कापत होते. मान वर न करता म्हणाले, "गार झालीय म्हणून."

तिने विश्वास ठेवला. पहिला चमचा पडला, चुरचुरला. दुसरा पडला. आणि दूध उतू जावं तशी ती बिअर पातेल्यातून वर आली, खाली आग नसताना, एका दमात, वहिनी वाकून बघत होती त्या उंचीपर्यंत.

पुढचं थोडक्यात सांगते. आई ओलं फडकं घेऊन धावली आणि तिने वहिनीचा चेहरा पुसला, म्हणजे उरलेलं सगळं डोळ्यात चोळलं. मी तिला नळाखाली नेईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, पाण्याखाली कधी धरलं. उजवा डोळा गेला. आता तिथे दुधी काच बसवल्यासारखं दिसतं. मानेवर आणि मनगटावर कातडी आवळून आली ती वेगळी.

हॉस्पिटलात जो भेटायला येईल त्याला आई सांगायची की सूनबाईला सगळ्याचीच घाई, चष्मा डोक्यावर ठेवून कुणी असलं काम करतं का. चष्म्याचं खरं होतं. त्या एका खऱ्याच्या पाठीवर बाकीचं सगळं खोटं आरामात बसलं. वहिनीही म्हणायची, माझंच चुकलं. दादा बाहेर बाकावर बसून रडायचा. अकरा दिवस तो प्याला नाही आणि आईने ते अकरा दिवस सगळ्यांना ऐकवले. आम्ही दोघं त्या सकाळबद्दल बोललो नाही. एकदाच, चहाच्या टपरीवर, तो कपात बघत म्हणाला, फेस तू काढलास. बरोबर होतं.

मग आईने ठरवलं की साबण आता मी करायचा. म्हणाली, वहिनीला झेपत नाही, मॅडमचं गिऱ्हाईक हातचं जाईल, आणि तुझंही या घरात काहीतरी होऊन जाईल. आईच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला नीट कळला, परत आलेल्या मुलीने इथलं राहणं कमवायचं. मी मॅडमना फोन केला. म्हणाले, वहिनीच्या हातून चूक झाली, यापुढे मी बघते. मॅडम म्हणाल्या, अरेरे, आणि मग विचारलं, वड्या वेळेवर मिळतील ना.

मला शिकवायला वहिनीच बसली. दोन महिने झाले होते. एका डोळ्याने अंतर कळत नाही, ती चहा कपाबाहेर ओतायची, दाराची कडी चाचपडायची. ओट्याजवळ येत नव्हती. दाराशी स्टूल ठेवून तिथून सांगायची. मी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस बिअर उघडी ठेवली, आटवली, गार केली. सोड्याचा डबा उघडला तेव्हा वहिनीने स्टूल आणखी मागे सरकवलं. म्हणाली, सावकाश, माझ्यासारखा बावळटपणा करू नकोस. मी चष्मा लावला. तिने पातेल्याकडे पाहिलं.

"एक सांग," ती म्हणाली. "मी ती उकळली होती ना गं? मला उकळलेली आठवते. गॅसपाशी उभी होते, वास येत होता, सगळं आठवतं. पण उकळली असती तर अशी उसळली नसती. म्हणजे मला आठवतं ते खोटं. डोळ्याचं सोड, डोळा गेला. पण माझं डोकंच असं खोटं दाखवत असेल, तर मी गॅस बंद केला की नाही, दार लावलं की नाही, कशावर भरवसा ठेवू?"

मी सोड्याचा डबा बंद केला. चष्मा काढला. आणि सांगितलं. दादा, पातेलं, गिझरमागच्या बाटल्या, डाव, फेस. क्रमाने, काही न गाळता.

वहिनी रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ती सुटका होती. ते बघणं मला सगळ्यात जड गेलं.

"उकळली होती तर," ती म्हणाली.

"हो."

"रंगाचं मी तुला विचारलं होतं."

"हो."

"प्याला, एवढंच सांगायचं होतंस. पातेलं रिकामं दिसलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या. संध्याकाळपर्यंत दिल्या असत्या. मग दुसरी बिअर आणली असती."

ती उठली आणि दादाला आणि आईला बोलावून आणलं. दादाला म्हणाली, तुझी एक बाटली आण. आई मध्ये पडली, तो आता शिवत नाही, तू काहीही काय बोलतेस. वहिनी दादाकडेच बघत राहिली. दादा गेला आणि मिनिटाच्या आत बाटली घेऊन आला, पाणी सुटलेली, गार. आई भिंतीकडे बघायला लागली.

कपडे धुण्याच्या जागेत वहिनीने दोन बादल्या ठेवल्या. एकीत माझी मारलेली बिअर, दुसरीत दादाची ताजी. आम्हाला तिघांना दाराशी उभं केलं. चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, हातमोजे चढवले, लांब दांड्याचा चमचा घेतला. पहिल्या बादलीत सोडा पडला, चुरचुरला, रंग लालसर झाला आणि गप्प झाला. दुसरीत पडला. फेस उसळून बादलीच्या काठावरून उतरला, फरशीभर पसरला, आमच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबला. बादलीतून खदखदण्याचा आवाज येत राहिला.

वहिनी म्हणाली, "माझा हात चुकला नव्हता. तिघांनी बघून ठेवा."

दादा रडायला लागला. आई म्हणाली, बघ, किती लागलंय त्याच्या मनाला. मग म्हणाली, झालं ना समाधान, आता पाणी ओता त्यावर, आणि घरातलं घरात राहू दे.

वहिनीने हातमोजे काढले, मॅडमचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. आई मानेने नाही नाही करत होती. मी बोलले. चूक वहिनीची नव्हती, भावाने बिअर पिऊन टाकली होती, आम्ही दोघांनी ताजी भरून ठेवली आणि मी खोटं सांगितलं. पलीकडून मॅडमनी विचारलं, "म्हणजे आता साबण नक्की कोण करणार आहे?"

वहिनीने फोन घेतला. "मीच करणार. पत्ता बदलेल, कळवते."

वजनकाटा, ब्लेंडर, साचे, चष्मा, दोन पिशव्यांत सगळं मावलं. सात वर्षांच्या संसाराच्या त्या दोनच पिशव्या. ती मैत्रिणीकडे निघाली होती, तिथे माळ्यावरची एक खोली रिकामी होती. आईने दारात विचारलं, आणि याच्याकडे कोण बघणार. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा चेष्टेचा लवलेश नसताना मला अहो-जाहो केलं. "वन्सं आहेत की. त्यांना सगळं जमतं."

कठडा चाचपडत, एकेक पायरी मोजत ती खाली गेली. मी पिशवी धरायला पुढे झाले, तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

समोरच्या दारातून शेजारीण बाहेर आली होती. सूनबाई सामान घेऊन कुठे निघाल्या म्हणून विचारत होती. आई लगेच म्हणाली, डोळ्याच्या उपचाराला चाललीय, चांगला डॉक्टर मिळालाय. आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवायची होती, नेहमीसारखी.

मी शेजारणीला म्हणाले, "दादा पितो."

एवढंच. एवढे दोन शब्द तोंडातून काढायला मला बत्तीस वर्षं लागली. आणि वहिनीचा एक डोळा.

शेजारणीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते तर सगळ्यांना माहीत आहे गं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.